कॅसेट फिरत असताना शेजारी कोण बसलंय?

नमस्कार श्रोतेहो.

१९९१ च्या मे महिन्यात चिपळूणला आमच्या घरी धाकट्या भावाची मुंज झाली. तिचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं. घाणा भरण्याच्या वेळी उखळ-मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, सुवासिनी कांडताहेत आणि बाजूला पाटावर बसून आमची आजी ओव्या म्हणते आहे, हे सगळं त्या कॅसेटमध्ये होतं. पण ओव्या मात्र ऐकू येत नव्हत्या. शूटिंगवाल्यानं ‘मिक्सिंग’ करून त्या जागी सिनेमाचं गाणं घातलं होतं. त्या काळात सगळीकडे असंच करत असत. आजीचे ओठ हलताना दिसायचे आणि आवाज भलताच यायचा.

दोन वर्षांपूर्वी ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं मी मनावर घेतलं. माळ्यावरच्या ट्रंकेत शोधताना लेबल नसलेल्या आणखी दोन कॅसेट सापडल्या. त्या होत्या मिक्सिंगच्या आधीच्या, कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ कॅसेट. काकांनी तेव्हा हट्टानं मागून घेतलेल्या. त्यांत आजीचा आवाज होता.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती हीच, की मूळ कॅसेट कुठे आहे ते आधी शोधा. घरात चारचौघांना दाखवून झिजलेली असते ती मिक्सिंगची प्रत. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी चित्र थोडं फिकं होतं, रंग पसरतात. मूळ कॅसेट फारशी कुणी लावलेलीच नसते.

आता घाई का, ते सांगते. व्हीएचएस कॅसेट, म्हणजे घरोघरची ती काळी व्हिडिओ कॅसेट, जपानमध्ये १९७६ साली आली. आपल्याकडे १९८२ नंतर, रंगीत टीव्हीबरोबर, व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायची मशीन, आणि भाड्याचे, नुसतीच कॅसेट दाखवणारे व्हीसीपी घरोघरी पोचले. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ च्या जुलैमध्ये ते थांबवलं आणि नवं मशीन मिळणंच संपलं. कॅसेट अजून दहा वर्षं टिकेलही, पण ती लावायची कशात? आज चालू असलेलं प्रत्येक मशीन जुनं आहे आणि ते दुरुस्त करणारे हातही थोडे उरलेत. युनेस्कोनं २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहालयांना चुंबकीय फितींबद्दल हाच इशारा दिला होता.

कोकणात आणखी एक वैरी आहे, दमट हवा. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळलेल्या फितीची कड बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नका. बुरशी मशीनमधल्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. आमच्या गावात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा कित्येकांच्या कॅसेट चिखलात गेल्या. अशा वेळी हेअर ड्रायर लावू नका, उन्हातही टाकू नका. गाळ आत सुकायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. वाळल्याशिवाय लावायची नाही.

व्हीसीआरच्या आत ६२ मिलिमीटरचा एक गोल ड्रम असतो आणि तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची हेड अर्ध्या इंचाच्या फितीवर तिरप्या रेघांत चित्र वाचतात. फीत जिथे चुरगळली असेल तिथे पडद्यावर पांढरा पट्टा सरकतो तो यामुळेच. ही हेड फार नाजूक असतात. कानातल्या कापसाच्या काडीनं पुसू नका, कापसाचा धागा अडकून हेड तुटतं. आणि कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची जी छोटी पट्टी असते ती मोडलेली आहे ना, ते बघून घ्या. पट्टी शाबूत असेल आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर मुंज पुसली जाते.

बाकी मांडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची वायर निघते, ती यूएसबीच्या कॅप्चर स्टिकमध्ये, म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करणाऱ्या छोट्या यंत्रात, आणि स्टिक कॉम्प्युटरला. ओबीएससारखं फुकट सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगला पुरतं. आपल्या कॅसेट ‘पाल’ नावाच्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणून सेटिंग ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची असते, तिला ती पद्धत चालवणारं मशीन लागतं. आणि चित्राची चौकट ४ बाय ३ ठेवा. एका दुकानातून मी आधी एक कॅसेट उतरवून घेतली होती. त्यांनी ती आजच्या रुंद टीव्हीच्या मापात ताणून दिली आणि घरातली सगळी माणसं आडवी झाली. मूळ कॅसेट परत मिळाली होती म्हणून ते सुधारता आलं. तेव्हा फाइल हातात आली तरी कॅसेट टाकू नका.

पहिली पाच मिनिटं उतरवून लगेच थांबवा आणि ऐकून बघा. फीत खराब असेल तर सिग्नल मध्येच तुटतो, स्टिक काही चित्रं गाळते आणि आवाज पुढे नि ओठ मागे राहतात. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल फिरवून घेतला की हे बरंचसं सावरतं. हे तीन तासांनंतर कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

कारण तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. पेनड्राइव्हसारखं ओढून टाकता येत नाही. बरेच जण मशीन लावून बाजारात जातात. तसं करू नका. मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. ते तीन तास घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा.

आमची मोठी आत्या ८४ वर्षांची. तिला नातवांची नावं कधी कधी आठवत नाहीत, पण पडद्यावर मांडव दिसला आणि ती बोलायला लागली. ही अमक्याची सासू, हा पुढे वारला, ह्या बाईनं पंगतीला एकटीनं शंभर पुरणपोळ्या लाटल्या. मी वही घेऊन बसले होते. कितव्या मिनिटाला कोण, ते लिहीत गेले. मोबाइलवर तिचा आवाजही घेतला. ती वही टाइप करून व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे. फाइलच्या नावात साल, प्रसंग आणि गाव आहे. एक प्रत माझ्याकडे, दुसरी पुण्याला भावाकडे. आमचं घर पाण्याखाली गेलं तरी ती राहील.

आजीच्या ओव्या आल्या तेव्हा आत्या गप्प झाली. मग चौथ्या ओवीला तिनं पडद्याच्या आधी पुढची ओळ म्हटली.

वहीत एकच जागा रिकामी आहे. ४१ व्या मिनिटाला हिरवं लुगडं नेसलेली एक बाई आजीच्या मागे येऊन बसते आणि तिच्या पाठीवर हात ठेवते. आत्याला ती ओळखू आली नाही. गुहागरला आजीची एक मावसबहीण अजून आहे, तिला ठाऊक असेल. येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी तिच्याकडे जाते आहे.

नमस्कार.