तूं कोणालो?

(फोंड्यात कुटुंबोपचारक आणि समुपदेशकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर ‘कुटुंबोपचारातील वंशभेदविरोधी सराव: पाच पायऱ्या’ असं छापलंय. पायऱ्या येतील. आधी जरा जिन्याखालच्या अडगळीत डोकावू.

वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, फार तर दक्षिण आफ्रिका. ‘आमच्या गोंयांत तसलें कांयच ना’ हे वाक्य आपण शीत-कडीसारखं रोज वाढतो. 2013 साली एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हमरस्ता अडवला, तेव्हा राज्यातल्या एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली होती. मागाहून माफीही मागितली. तुम्ही म्हणाल, ते राजकारण. बरं, मग माजघरात या.

चार भावंडांच्या घरात रंगाने काळा म्हणून एखादा ‘खाप्री’ असतोच. आजी लाडाने म्हणते. शब्दाची वाट बघा: अरबीतला काफिर, पोर्तुगिजांचा काफ्रे, आपला खाप्री. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातूनच चाले. तिथून इथे गुलाम आणले जात, आणि पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपायला 1869 उजाडलं. ती माणसं इतिहासात गेली, शब्द आपल्या पाळण्यापर्यंत आला. (आपल्या हिरव्या मसाल्याच्या कोंबडीच्या, काफ्रियलच्या नावातही तोच शब्द आहे. तिथे मात्र आपण बशी दोनदा पुढे करतो. हसा, हसा.)

आता पंधरा वर्षांची मुलगी तुमच्याकडे आणलीय, ‘आत्मविश्वास नाही’ म्हणून. चुलतबहिणीच्या लग्नात फोटोला उभी राहत नाही. आपण काय करतो? स्वतःचे पाच चांगले गुण लिही, म्हणून कागद पुढे सरकवतो. तिला घरात काय म्हणून हाक मारतात, हे कुणी विचारत नाही. माझं एक आवडतं खूळ आहे, ते इथेच सांगून टाकतो: वंशालेखात, म्हणजे कुटुंबाच्या पिढ्या आणि नाती दाखवणाऱ्या आकृतीत, प्रत्येक माणसाच्या चौकोनाशेजारी किंवा वर्तुळाशेजारी त्याचं घरातलं टोपणनाव लिहा. काळू, खाप्री, गोरो, चिनी. तीन पिढ्यांची टोपणनावं लिहून झाली की त्या घराचा रंगाचा बाजारभाव समोर येतो. सून आणताना कुणाला पसंती मिळाली आणि कुणाच्या लग्नाला उशीर झाला, हे पुढे वेगळं विचारावं लागत नाही.

माझी खरी तक्रार मात्र दुसऱ्याच प्रश्नाबद्दल आहे. ‘तूं खंयचो? कोणालो?’ म्हणजे तू कुठला, कुणाचा? गोव्यात नवा माणूस भेटला की पहिल्या दोन मिनिटांत हे विचारून होतं. गप्पांत ठीक. पण पहिल्या सत्रात हाच प्रश्न आपण ‘ओळख वाढवायला’ विचारतो, तेव्हा खरं म्हणजे आपण जात काढत असतो. थेट विचारायला लाज वाटते, म्हणून आडवळणाने. आडनाव नाईक निघालं तर पंचाईत, कारण नाईक अनेक जातींत असतात. मग गाव. गावात वाडो कुठला? मग कुळदेव. तेवढ्यानेही भागलं नाही तर मामाचं आडनाव. समोरचा हे सगळं ओळखून असतो, आणि कुठल्या उत्तरानंतर तुमचा आवाज बदलला तेही त्याने टिपलेलं असतं. ख्रिस्ती कुटुंबातही जाती आहेतच, फक्त शब्द बदलतात: बामण, चाड्डी, सुदीर. आणि समोरचा वास्कोच्या झोपडपट्टीतला कानडी किंवा लमाणी असला तर प्रश्नच विचारला जात नाही, कारण उत्तर आपण आधीच लिहून ठेवलंय: भायलो, बाहेरचा. एका शब्दात आख्खं कुटुंब मिटवायची सोय.

एक खुलासा. जात म्हणजे वंश नव्हे, आणि परप्रांतीय असणं म्हणजे दोन्ही नव्हे. त्यांचा इतिहास वेगळा, कायदे वेगळे. पण उपचारकाची चूक तिन्हीकडे एकच होते: बाहेरून येणारा मार तो कुटुंबाच्या आतला बिघाड म्हणून नोंदवतो. बाप मुलाला सातनंतर बाहेर सोडत नाही. फायलीत काय लिहितो आपण? ‘अतिनियंत्रण’. तो मुलगा काळा आणि परका दिसतो, आणि चौकात अडवून ओळखपत्र मागतात ते त्यालाच, हे फायलीत येत नाही. बाप करतोय ती राखण आहे. तिची किंमत घराला मोजावी लागते, तो भाग उपचाराचा. पण राखणीलाच रोग म्हटलं तर पुढच्या सत्राला कुणी येणार नाही, आणि आपण लिहू ‘सहकार्य नाही’.

म्हणून सुरुवात स्वतःच्या वंशालेखापासून. 1995 मध्ये केनेथ हार्डी आणि ट्रेसी लाझलॉफी या अमेरिकन कुटुंबोपचारकांनी प्रशिक्षणार्थींसाठी सांस्कृतिक वंशालेखाची पद्धत मांडली. नेहमीचाच तीन पिढ्यांचा आराखडा, पण प्रत्येक मूळ संस्कृतीला एक रंग. मिश्र घरातल्या माणसाच्या आकृतीत दोन-तीन रंग. शिवाय त्या त्या संस्कृतीत अभिमान कशाचा आणि लाज कशाची, याच्या खुणा. इथे रंग ठरवतानाच वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. 1928 च्या शुद्धीनंतर, म्हणजे ख्रिस्ती गावड्यांना हिंदू धर्मात घेतल्यानंतर, हिंदू झालेलं नवहिंदू गावडा कुटुंब घ्या. एक पणजोबा हिंदू झाला, त्याचा भाऊ ख्रिस्ती राहिला. रंग एक की दोन? गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला. त्याच घरात आजीला ‘गावडा’ म्हणवून घ्यायची लाज वाटते आणि नात दाखला मागायला रांगेत उभी असते. अभिमान आणि लाज एकाच शब्दावर. ती खूण काढा, दोन पिढ्यांत दोन वेगळ्या.

हा सराव बिघडतो कुठे? वरच्या जातीच्या प्रशिक्षणार्थीचा कागद बहुधा एकाच रंगाचा येतो, आणि तो कुलवृत्तांत सांगू लागतो. 1560 च्या सुमारास मंगेश कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला कसा आला, ते सगळं तोंडपाठ. घरातला मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, कुठे बसायचा, त्याची कपबशी कुठे ठेवलेली असायची, ते विचारलं की पाठांतर संपतं. मुंडकार कायदा 1975 चा; म्हणजे सांगू शकणारी माणसं अजून हयात आहेत, घरी जाऊन विचारा. दुसरा बिघाड याच्या उलटा: गटात एकच गावडा किंवा दलित प्रशिक्षणार्थी असतो आणि सगळे त्याच्याकडे वळतात, ‘तू सांग ना तुझा अनुभव.’ तो शिकायला आलाय, शिकवायला नव्हे. तिसरा म्हणजे रडारड. अपराधीपणाने कुणी रडू लागलं की सगळा गट त्याला पाणी द्यायला धावतो, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो कोपऱ्यात राहतो. ज्याने गट घेतलाय त्याने अशा वेळी बोलणं परत त्या कोपऱ्याकडे न्यावं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मग पायऱ्या उभ्याउभ्याच.

पहिली झाली: स्वतःचा वंशालेख, रंग आणि टोपणनावांसकट. काढायला दीड तास धरा, गटात सांगायला प्रत्येकी अर्धा.

दुसरी, भाषा. आईचं बोलणं बारा वर्षांच्या मुलाकडून भाषांतरित करून घेऊ नका. नवऱ्याच्या माराबद्दल ती मुलाच्या तोंडून काय सांगणार? मोठा, नात्याबाहेरचा दुभाषी घ्या. सत्राआधी दहा मिनिटं त्याच्याशी बोला, त्याला ‘ती म्हणते’ असं न म्हणता ‘मी’ म्हणूनच बोलायला सांगा, तुम्ही बघा मात्र आईकडे. दोन-दोन वाक्यांवर थांबा. वेळ दुप्पट लागतो, तो आधीच राखून ठेवा.

तिसरी, निदान लिहिण्याआधीचा प्रश्न: ‘या घराला बाहेर कुठे, कुणाकडून त्रास होतो? त्यातून वाचायला तुम्ही काय करता?’ पोलीस, शाळा, घरमालक अशी नावं घेऊन विचारा. मोघम विचारलंत तर ‘कांय ना’ हेच उत्तर येईल.

चौथी. सासू सुनेला सत्रातच ‘घाटी’ म्हणाली. ऐकलं न ऐकल्यासारखं करू नका, भाषणही देऊ नका. मिलानच्या कुटुंबोपचारकांच्या गटाने शिकवलेला वर्तुळाकार प्रश्न विचारा, म्हणजे दोघांत काय घडतं ते तिसऱ्याला: ‘आई हा शब्द वापरते तेव्हा तुझी बायको काय करते? आणि तू?’ नवरा गप्प बसला तर ते गप्प बसणंही नोंदवा.

पाचवी, चूक तुमच्याकडून झाली तर. थांबा. काय बोललात ते पुन्हा उच्चारा. एका वाक्यात माफी मागा, त्यात ‘माझा हेतू तसा नव्हता’ नको. कुटुंबाला बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर पुढे चला. त्यांच्याकडून क्षमा वसूल करू नका. पर्यवेक्षकाला त्याच आठवड्यात सांगा. आणि हा काही तुमच्या सौजन्याचा प्रश्न नाही: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं अठरावं कलम धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून भेदभाव न होता सेवा मिळण्याचा हक्क देतं.

फॉर्मवरचा ‘जात’ हा रकाना राहिला. दाखल्यासाठी किंवा योजनेसाठी लागत असेल तर ठेवा, पण कशासाठी विचारतोय आणि तो कागद कोण बघणार, हे शेजारी लिहा. लागत नसेल तर काढा, आणि मग तोंडीही विचारू नका. मामाचं आडनाव तर नाहीच.

रंगपेन्सिली पुढच्या रांगेत ठेवल्या आहेत. जेवणाआधी आजी-आजोबांची पिढी काढून ठेवा.