ओटीपी बागेत, आजी उपकेंद्रात

(दृश्य : सावळघाट, सकाळचं धुकं)
नाशिकहून पेठला निघालं की सावळघाट लागतो. ऑक्टोबर आहे. समोरून येणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं चाललीत दिंडोरी-निफाडला, द्राक्षाच्या छाटणीला. गावात मागं उरतात म्हातारी आणि लहान पोरं. दवाखाना लागतो तो यांनाच.

(दृश्य : उपकेंद्राची पाटी, आतली खोली)
हे उपकेंद्र. पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर. इथं बसतात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या सीएचओ मॅडम. टेबलावर टॅब, टॅबवर ई-संजीवनी, म्हणजे दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर गाठ. केंद्र सरकारची ही सेवा २०१९ची. पण दूरवरून रुग्ण तपासायची नियमावली आली २५ मार्च २०२०ला, देश बंद झाला त्याच दिवशी. तोवर फोनवर औषध सांगायला डॉक्टरही बिचकत.

(दृश्य : आजींच्या दंडाला पट्टा)
आजींना चक्कर येते. मॅडमचे हात बघा. आधी बीपी. मग बोटाला टोचून साखर. पायावर अंगठा दाबून सूज पाहिली. सगळं टॅबमध्ये भरलं, आणि आता रांग. रेंज खिडकीपाशी येते, म्हणून बाकडंही खिडकीपाशीच.

डॉक्टर पडद्यावर आले, तरी आजी बोलतात मॅडमकडे बघून. शेजारी आशाताई. डॉक्टरांचा प्रश्न त्या कोकणा बोलीत सांगतात, आजींचं उत्तर मराठीत परत करतात. ‘कधीपासून?’ एवढ्याला भात कापणीपासूनचा हिशेब निघतो. डॉक्टर ऐकून घेतात.

(दृश्य : मॅडमच्या हातात मोबाईल)
आभा कार्डाचं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्राचं घोडं मात्र अडलं. चौदा अंकी क्रमांक काढायचा, तर ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. तो मोबाईल लेकाच्या खिशात आणि लेक निफाडच्या बागेत. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. छाटणीत हात मोकळा कुठला! कार्ड राहिलं, तपासणी नाही राहिली. मॅडमनी नाव वहीतही लिहून ठेवलं.

जाहिरातीत सगळं ॲप करतं. इथं मॅडम रजेवर गेल्या की टॅब कपाटात जातो. टॅब आणखी वाटा, हरकत नाही. पण खुर्चीतलं माणूस टिकवायचं कुणी बघतंय का?

(दृश्य : औषधाचं कपाट)
चिठ्ठी आली. बीपीच्या गोळ्या इथंच मिळाल्या. ईसीजीसाठी तालुक्याला जावं लागेल, लेक आला की. पुढचा पेशंट आत आलाय.