सतराचा पाढा आणि त्र्यंबक रस्ता

नमस्कार श्रोतेहो. सायकल कोणती घ्यावी, हेल्मेट कसं असावं, यात मी आज शिरत नाही. सायकल तुमच्या घरी आहे आणि रविवारी तुम्ही गंगापूर धरणापर्यंत जाऊन येता, असं धरूनच बोलते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वर्ष झालं, तरी वेग का वाढत नाही? दम अजून त्याच चढावर का लागतो?

उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक दिवस हळू चालवा. पुन्हा सांगते, बहुतेक दिवस हळू. मला हे माझ्या आत्याने शिकवलं, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आत्या गणिताची शिक्षिका. निवृत्तीच्या दिवसापर्यंत शाळेत सायकलनेच गेली. काळी लेडीज सायकल, पुढे तारेची बास्केट, गियर नाही. मी चाळिशीत गियरची सायकल घेतली आणि पहाटे सातपूरहून त्र्यंबक रस्त्याला लागायला लागले. रोज महिरावणीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. रोज तोच रस्ता, रोज तेवढाच जोर. घरी येईपर्यंत पाय भरून यायचे, दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे आणि मोबाईल सांगायचा, सरासरी ताशी १९ किलोमीटर. दसऱ्याला १९, होळीलाही १९.

एका रविवारी आत्या म्हणाली, "आज मी येते गं बरोबर." निघालो. पिंपळगाव बहुला मागे पडलं. मी पुढे, ती मागे. मागून आवाज आला, "सतराचा पाढा म्हण."

मी म्हटलं, "आत्ता?"

"आत्ता. मोठ्याने."

सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक... इथे श्वास घ्यावा लागला. एक्कावन्न. सतरा चोक... पुन्हा श्वास. तेवढ्यात आत्या शेजारी आली आणि पंच्याऐंशीपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. म्हणाली, "पाढा तुला येतोय, श्वास पुरत नाहीये. हळू कर." मी हळू केलं. "अजून हळू." दोन गियर उतरवले. आता रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेली बाई दिसली, पाटीतल्या मेथीच्या जुड्या दिसल्या, त्यांच्यावरचं ओलं गोणपाट दिसलं. वर्षभर मी त्याच रस्त्याने जात होते, आणि हे काही पाहिलंच नव्हतं. मग सतराचा पाढा सलग आला, त्यामागे अठराचाही.

त्या दिवशी महिरावणीला वळावंसं वाटलंच नाही. थेट अंजनेरीच्या फाट्यापर्यंत गेलो, आणि पाय ताजे होते. तिथे चहा घेताना आत्याने बोटांवर आठवडा मोजून दिला. तीन दिवस पाढ्याच्या वेगाने, तासभर. एक दिवस असा, की पाढ्यातला एक आकडासुद्धा तोंडातून फुटता कामा नये. दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही. आणि रविवारी लांब जायचं, पण पाढ्याच्याच वेगाने. मी विचारलं, "रोज जोर का नाही लावायचा?" म्हणाली, "शाळेत रोज परीक्षा घेतली, तर मुलं अभ्यास कधी करतील?"

आता यामागचं कारण थोडक्यात. हळू चालवताना हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीराला चरबी जाळायची सवय लागते. माझ्यासारखा रोजचा मधला जोर लावला, तर थकवा साचत जातो आणि जोराच्या दिवशी अंगात जोरच उरत नाही. जोराचा दिवस सोपा आहे. १५ मिनिटं अंग तापवा. मग ४ मिनिटं दम लागेल असं चालवा, ३ मिनिटं सावकाश. असं चार वेळा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाकीचे दिवस? हळू.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा त्र्यंबकला जाताना थेट तोंडावर येतो. वारा नसतानाही वेग दुप्पट करायचा, तर हवा कापायला आठपट ताकद लागते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी मोबाईलवरचा आकडा बघू नका, श्वास ऐका. गियर हलका ठेवा, पेडल मिनिटाला ८० ते ९० फेरे फिरू दे, गुडघे वाचतात. सीटसुद्धा तपासा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच सायकलींची सीट खाली असते आणि दोष वयाला दिला जातो.

मुलांना शाळेत स्कूटरवरून सोडणं थांबवायला हवं, हेही बोलून घेते. दोन किलोमीटरवरची शाळा, आणि दप्तरासकट मूल आईच्या मागे बसलेलं. आत्याच्या वर्गातली मुलं सायकली लावून आत यायची तेव्हा घंटेआधीच जागी झालेली असायची, असं ती सांगते. सायकलींना वेगळी, सुरक्षित जागा रस्त्यावर मिळाली, तर आयाही तयार होतील. असो.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच नाशिकमधलं उदाहरण आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. आणि दोघेही डॉक्टर, म्हणजे पेशंट सांभाळून केलेला सराव. आपल्याला तर आठवड्याचे पाच-सहा तासच काढायचे आहेत.

तासाहून जास्त चालवणार असाल, तर भूक लागायच्या आधी केळं खा. तहान लागायच्या आधी पाणी प्या.

चार महिन्यांनी मी सातपूरहून त्र्यंबकला जाऊन आले. मोबाईल म्हणाला, सरासरी २२. आत्याला फोन केला. तिने विचारलं, "आणि पाढा?"

"सलग आला."

"मग उद्यापासून एकोणतीसचा घे," म्हणाली.

नमस्कार.