वाढवलेल्या शरीराचं बिल कोण भरणार?

हे बाळ नीट बघा. गुबगुबीत आहे, छान झोपलंय, फक्त डोक्यावर कातडीच्या जास्तीच्या घड्या आहेत, एकावर एक. घाबरू नका, हे शिल्प आहे. अगाथा हेन्स या डिझायनरने 2013 मध्ये 'ट्रान्सफिगरेशन्स' नावाने अशी पाच बाळं बनवली, आणि कल्पना अशी की प्रत्येकावर आईबापांनी हौसेने, म्हणजे खरंतर काळजीपोटी, एक ऑपरेशन करून घेतलंय. या घड्या कशाला, तर जग तापत चाललंय, कातडी जास्त असली की अंगातली उष्णता पटकन बाहेर पडेल. हे एकवेळ समजू शकतो. पण आता दुसरं बाळ बघा, याचे गाल वाढवलेत, का, तर गालातून कॅफिन जास्त शोषलं जावं आणि मोठेपणी याला जास्त तास काम करता यावं!

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे डायरेक्ट ओव्हरटाइम दिसतोय.

बॉडी एन्हान्समेंट, म्हणजे ऑपरेशन किंवा यंत्र वापरून शरीराची ताकद वाढवणं, म्हटलं की आपल्या डोक्यात येतात ते सुपरह्युमन श्रीमंत लोक, दीडशे वर्षं जगणारे, कधीच न थकणारे, आणि खाली राहिलेले आपण साधे. ही भीती खोटी नाहीये. पण मला त्याहून बेचैन करतं ते हे गालवालं बाळ, कारण त्याचं शरीर सुधारलंय ते त्याच्यासाठी की त्याच्या भावी बॉससाठी, हेच कळत नाही.

आता नील हार्बिसन हा कलाकार. याला जन्मापासून रंग दिसत नाहीत, सगळं करडं. 2004 मध्ये त्याने कवटीत अँटेना बसवून घेतला आणि आता तो रंग ऐकतो, म्हणजे प्रत्येक रंगाचा एक सूर. भारी आहे, आणि त्याच्या स्वतःच्या मर्जीने आहे, उद्या अँटेना नको म्हणाला तर त्याची नोकरी जाणार नाही. हा फरक लक्षात ठेवा.

एमी मुलिन्सची गोष्ट जरा वेगळी. लहानपणीच दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, पुढे ती अ‍ॅथलीट झाली, मॉडेल झाली, आणि 2009 च्या एका भाषणात तिने सांगितलं की तिच्याकडे पायांच्या डझनभर जोड्या आहेत, त्यामुळे ती 5 फूट 8 इंचापासून 6 फूट 1 इंचापर्यंत हवी तेवढी उंच होऊ शकते. एका पार्टीत तिची मैत्रीण तिला बघून म्हणाली, हे काय बरोबर नाही हां, हा अन्याय आहे! मुलिन्स हे हसत सांगते, आणि खरंच मजेशीर आहे, पण उंचीची गंमत अशी की सगळेच चार इंच वाढले तर पुढे कोणीच जात नाही, खर्च मात्र सगळ्यांचा होतो, आणि ज्याला परवडलं नाही तो काहीही न करता बुटका ठरतो.

आणि परवडलं तरी पुढे काय? आर्गस टू नावाचं डोळ्यातलं इम्प्लांट होतं, चष्म्यावर कॅमेरा, रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, 60 इलेक्ट्रोड्स, दृष्टी गेलेल्यांना उजेड आणि आकार जाणवायचे. अमेरिकेत किंमत साधारण दीड लाख डॉलर. जगभरात 350 हून जास्त लोकांनी बसवलं. मग कंपनीने ते बनवणं बंद केलं, 2020 मध्ये बहुतेक स्टाफ काढला, आणि मशीन लोकांच्या डोळ्यातच राहिलं, दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. ही काही कल्पना नाही, झालेली गोष्ट आहे.

मायकल बर्टन आणि मिचिको निट्टा यांचं 'रिपब्लिक ऑफ सॅलिव्हेशन' हे काम तर अजून पुढे जातं. कल्पना अशी की अन्नटंचाई आलीये, सरकार प्रत्येकाला त्याच्या कामाप्रमाणे आहार ठरवून देतं, कारखान्यातल्या कामगाराला मुख्यतः स्टार्च, म्हणजे कमी पोषणात जास्त वेळ राबता येईल. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने ते 'डिझाइन अँड व्हायोलन्स' प्रोजेक्टमध्ये घेतलं तेव्हा त्यावर चांगलीच टीका झाली, की अहो, भविष्य कसलं, जगात कित्येक लोक आत्ताच असे जगतायत, तुम्ही म्युझियममध्ये बसून घाबरताय. मला ही टीका पटते. अशी कला बघायला येतो तो बहुतेक अपग्रेड विकत घेणारा वर्ग, स्टार्च खाणारा त्या वेळी शिफ्टवर असतो.

म्हणून शेवटी हा ग्रॅहम, हेही शिल्पच. मान नाही, छातीवर एअरबॅगसारख्या पिशव्या, चेहरा सपाट. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या सरकारी ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्सिडेंट कमिशनने शिल्पकार पॅट्रिशिया पिचिनिनीकडून बनवून घेतला, ट्रॉमा सर्जन आणि अपघात अभ्यासणारा इंजिनियर सोबतीला. कार क्रॅशमध्ये वाचायचं तर शरीर असं लागेल. आणि कमिशनचं म्हणणं असं की आपण कोणीच असे होणार नाही, गरीब नाही आणि श्रीमंतही नाही, तेव्हा गाड्या सुधारा, रस्ते सुधारा, स्पीड कमी करा.