वीरगळ आणि वेशीवरची कमान

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव-खानापूर भागात गावात शिरताना हल्ली आधी दिसते ती सिमेंटची स्वागत कमान. दोन बाजूंना हत्ती, वर ग्रामदैवत, खाली देणगीदार. अक्षरं बहुधा देणगीदारांचीच मोठी! गावाचा खरा इतिहास मात्र अनेकदा मारुतीच्या देवळामागं अर्धा मातीत रुतलेला असतो. तो म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई. तिथं गाई कोरलेल्या असतील तर गावची गुरं सोडवताना वीर पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंग पूजतो. लिंगाऐवजी जिनमूर्ती असेल तर वीर जैन. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो कीर्ती. काहींवर जुनी कन्नड अक्षरंही असतात.

भर दुपारी यातलं काही दिसत नाही. कोवळ्या किंवा तिरप्या उन्हात पाहा, नाहीतर अंधारात बॅटरी दगडालगत एका बाजूनं धरा. झिजलेल्या रेषाही सावलीनं उठून येतात. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ऑइलपेंट मात्र कृपा करून लावू नका. तो कोरीवकाम बुजवतो, ओल आत कोंडतो, आणि सुटताना दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो.

नव्या कमानीचं चित्र इथूनच घ्यावं. हलशी ही कदंब राजांची दुसरी राजधानी होती, तिथं त्यांचा सिंह शोभतो. नंदगडजवळ 1831 साली इंग्रजांशी लढणाऱ्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला वडाच्या झाडावर फाशी दिली, तिथं वड हवा. खानापूरला कुंभाराचं चाक. ठेकेदारानं शेजारच्या गावाचाच साचा पुन्हा ओतला तर यातलं काहीच येत नाही.

कमानीखाली किमान साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवा, उसाच्या गाड्या जायच्या आहेत. माथ्याला उतार द्या. पाणी साचलं की सळई गंजते, फुगते आणि सिमेंट फोडते. पत्र्याचा फलक असेल तर कोऱ्या जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट टिकत नाही. जस्ताशी त्याची रासायनिक क्रिया होऊन रंग सोलतो, म्हणून आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला घट्ट धरणारा पहिला हात, मारा. 100 फुटांवरून सहज वाचायला अक्षर साधारण 10 इंचाचं लागतं. आणि ओतकामाआधी कन्नड, मराठी दोन्ही मजकूर त्या-त्या भाषेच्या जाणकाराला दाखवा. सिमेंटमधली चुकलेली वेलांटी छिन्नीनंच काढावी लागते.