आजोबांची ठासणीची बंदूक

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरातल्या जुन्या बंदुकीबद्दल. आपल्याकडे देवगड, राजापूर, दापोली, कुठेही जा, एखाद्या जुन्या घरात तरी माजघराच्या भिंतीवर नाहीतर माळ्यावर एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक असते, शेती संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, रानडुकरांसाठी. घरातले सगळे तिला ऐटीत रायफल म्हणतात. पण रायफल म्हणजे जिच्या नळीला आतून आटे असतात ती, ज्यांच्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते. आपली आतून गुळगुळीत, छर्‍यांची. असो, पाहुणे आले की आमच्याकडेही ती रायफलच असते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी ती साफ करायला घेतली. आधी कागदाचं सांगतो. परवाना चालू पाहिजे आणि ज्याच्या ताब्यात बंदूक त्याच्या नावावर पाहिजे. आजोबा गेले आणि बंदूक तशीच खुंटीवर राहिली असं चालत नाही, ती पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची आणि मग वारसाच्या नावावर करून घ्यायची. आमची बाबांच्या नावावर आहे, म्हणून मी काम केलं ते बाबांच्या समोर, ओटीवर बसून. घरी करायचं ते फक्त पुसणं आणि तेल देणं. चाप, घोडा, स्प्रिंग यांची दुरुस्ती लायसनवाल्या कारागिराकडेच. आणि नळी कापून आखूड करायचा विचारसुद्धा नको, १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये तो गुन्हा आहे.

आता मुख्य गोष्ट. हात लावायच्या आधी बंदूक भरलेली आहे का ते बघायचं. पुन्हा सांगतो, आधी भरलेली आहे का ते बघायचं. कशी बघायची? केप, म्हणजे घोड्याखाली बसणारी ठिणगी पाडायची टोपी, काढलेली असायला हवी, नळीचं तोंड माणसांपासून लांब, आपलं तोंडही नळीवर न्यायचं नाही. गज, म्हणजे ठासायची सळई, नळीत हळूच सोडायचा, टेकला की नळीच्या तोंडाशी अंगठा धरून खूण करायची, बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. रिकामी असेल तर गजाचं टोक केप बसते तिथपर्यंत पोचतं.

आमचा गज चांगली चार बोटं अलीकडे थांबला.

मला वाटलं कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असेल आत. पुन्हा घातला, पुन्हा तिथेच, आणि आवाज कसा तर बद्द. बाबा म्हणाले, अरे ती भरलेली आहे. मंडळी, ही बंदूक दर दसर्‍याला आम्ही पाटावर पूजेला मांडायचो, वर झेंडू आणि आपट्याची पानं. आम्ही पोरं आजीची पाठ वळली की घोडा मागे ओढून चाप दाबायचो, खट्ट आवाज यायचा, मग आजी आतून ओरडायची, "तिका हात लावू नकात रे मेल्यांनो!" दर इलेक्शनला ती ठाण्यात जमा व्हायची, पावती मिळायची, निकाल लागला की परत यायची. आणि एवढी सगळी वर्षं आत बार ठासलेला. केप नव्हती म्हणून आज मी तुमच्याशी बोलतोय. काळी दारू कोरडी राहिली तर मरत नाही, पन्नास-साठ वर्षांनीसुद्धा ठिणगीची वाट बघत बसते.

कोल्हापूरच्या एका लायसनवाल्या कारागिराला फोन केला. ते म्हणाले, तशी गाडीत घालून करूळ घाट चढू नका, मीच येतो. आले, आधी सुरमई जेवले, मग कामाला बसले. त्यांनी नक्की काय केलं ते मी सांगणार नाही, सांगितलं तर कोणीतरी उद्या घरी करून बघेल. तासाभराने पंचावर ऐवज मांडला. आधी काथ्याची गुंडी, आमच्याच माडाची असणार. मग छर्रे, गंजून एकमेकांना चिकटलेले. त्याखाली कागदाचा बोळा, आणि सगळ्यात खाली दारू, काळी कुळकुळीत, कोरडी.

बोळा मी उलगडला. वहीचं पान होतं, कडा तपकिरी झालेल्या, पण शिसपेन्सिलीचं अक्षर स्वच्छ. एकोणतीसचा पाढा. आजोबांनी घाईत पोराच्या वहीचं पान फाडून ठासलेलं, डुक्कर बहुतेक त्या रात्री आलंच नाही. आणि त्या पाढ्यात लिहिलेलं, २९ साते २१३.

ज्या माणसाने पाढ्यांवरून आमचे कान पिळले, पाढा चुकला की जेवायला वाढू दिलं नाही, त्या माणसाने चष्मा लावला, पान उन्हात धरलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे माझं अक्षर नाही."

वेळ थोडा उरलाय, बाकीचं पटापट. लाल भुकटीसारखा गंज काढायचा, पण तपकिरी-काळी झाक राहू द्यायची. जुन्या नळ्यांना कारागीर ती मुद्दाम आणायचे. पॉलिश पेपर लावायचा नाही, कोरलेली नक्षी जाते. आपल्याकडे चकचकीत करायचा एक रोगच आहे, देवळाच्या जुन्या सागवानी खांबांना पिवळा ऑइलपेंट फासतात आणि वर देणगीदाराचं नाव, बघवत नाही. तर अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने. नळीतली जुनी दारूची काजळी रॉकेलने जात नाही, तिच्यात क्षार असतात, गरम पाण्यानेच जाते. मग लगेच कोरडी करून मशीनचं तेल. खोबरेल नको, चिकट होतं. पितळेला आमसुलाचं पाणी, हे काय तुम्हाला सांगायला नको.

लाकडी दस्त्याला बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, थेंब थेंब, तळहाताने चोळून. आणि बेलतेलाच्या चिंध्या बोळा करून कोपर्‍यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर मोकळ्या वाळत घाला. परत सांगतो, चिंध्या मोकळ्या वाळत घाला. बंदूक कातडी गवसणीत ठेवायची नाही, आपल्या पावसाळ्यात कातडं ओल धरतं. चिर्‍याच्या उघड्या भिंतीवरही टांगायची नाही. आमची आता लाकडी कपाटात आहे, कुलपात, रिकामी. ते पान परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय, बाबांनी दोनदा काढून टाकलं, मी दोनदा परत ठेवलं. येतो मंडळी, नमस्कार.