काचेमागचं कडं

कॅमेरा जरा जवळ नेऊ या. तांबं आणि पितळ, एकमेकांवर चढलेले थर, कडा कुठेच सरळ नाहीत. या कड्याचं नाव 'लाव्हा', साल साधारण १९४६. कडं म्हणायचं खरं, पण ते मनगटावर थांबत नाही; कोपराच्या दिशेने पसरत जातं. काचेमागे ठेवलेलं पाहिलं की आधी नजरेत भरते ती आतली पोकळी. तिथे हात हवा होता.

हे घडवलं कृष्णवर्णीय दागिनेकार आर्ट स्मिथ यांनी. जन्म १९१७चा, क्यूबातला, आईवडील जमैकाचे, लहानपण ब्रुकलिनमध्ये. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या कॉलेजात शिक्षण झालं, विनिफ्रेड मेसन या कृष्णवर्णीय कारागीर बाईंकडे हात बसला आणि १९४६मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. वर्णद्वेषी हिंसेमुळे ती जागा सोडावी लागली. मग जवळच, वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर बस्तान बसलं, ते १९७९पर्यंत.

तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की ताठ होतो. तरी रेटलं तर तडकतो. म्हणून तो लाल होईस्तोवर तापवायचा, विझवायचा, मऊ पडला की पुन्हा हातोडी. हे सगळ्याच कारागिरांचं. स्मिथ यांचं वेगळेपण पुढे आहे.

टॅली बीटी, पर्ल प्रायमस अशा कृष्णवर्णीय नर्तकांच्या संचांसाठी ते दागिने करत. रंगमंचावरचा दागिना शेवटच्या रांगेतूनही दिसायला हवा, म्हणून आकार वाढले. पण मोठा दागिना नाचताना आडवा येतो, हात उचलला की रुततो. वजन कुठे टेकवायचं, तार कातडीपासून किती दूर न्यायची, याचा हिशोब अंगावरच करावा लागतो. अंगावर चढेपर्यंत दागिना अपुराच, असं स्मिथ मानत.

स्मिथ यांची कृष्णवर्णीय ओळख या कामात शोधायची तर अनेकजण नक्षी पाहतात. मला विचाराल तर आधी या नर्तकांची शरीरं पाहावीत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तेव्हा याच शरीरांनी बसमध्ये कुठे बसायचं, हे कायदा ठरवत होता. आणि इथे कुणीतरी त्यांच्या खांद्याचा उतार, दंडाची गोलाई निरखून पत्रा वळवत होतं.

स्मिथ १९८२मध्ये गेले. त्यांचं एक छोटंसं काम सांगायचं राहिलं. जॅझचे ते शौकीन. जॅझ संगीतकार आणि पियानोवादक ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठी त्यांनी कफलिंक केल्या आणि त्यांत एलिंग्टन यांच्याच एका रचनेचे सुरुवातीचे स्वर बसवले. बाहीच्या टोकाला, पियानोवर हात ठेवला की पट्ट्यांच्या अगदी वर.